नवा बॉक्स घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की स्त्रीशिक्षण, आरोग्य किंवा काटकसर असा एखादा भारदस्त विषय असावा, अशी आपली जुनी चाल आहे. चिटणीसबाईंनी मला या खेपेस विषय दिला तो टीव्हीच्या बॉक्सचा. तो ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला, हे मी इथून पाहिले. पण चिटणीसबाईंनी तो थट्टेने दिलेला नाही. एका टीव्ही कंपनीने आपल्या वसाहतीस कळविले आहे की, इंटरनेटवर चालणारा आमचा नवा बॉक्स पुरेशा घरांनी एकदम घेतला, तर बसविण्याचा खर्च आम्ही घेणार नाही. उत्तर महिनाअखेरीस द्यावयाचे आहे. कंपनीचे नाव मी घेत नाही. आज ही आली, उद्या दुसरी येईल, आणि तीही हेच बोलेल.

आता हे उत्तर द्यावयाचे कोणी? पत्र आले ते घरमालकांच्या नावाने. पहिली बैठक झाली ती रात्री साडेनऊ वाजता, म्हणजे आपण भांडी आवरीत असतो त्या वेळी. त्या बैठकीत क्रिकेटची चर्चा पाऊण तास झाली असे ऐकते. मला पुरुषांना नावे ठेवावयाची नाहीत. पण टीव्ही सकाळी लावते कोण, मुलांच्या हातून रिमोट काढून घेते कोण, रिचार्ज संपला की सासूबाईंची बोलणी ऐकते कोण, हे आपणांस सांगावयास नको. म्हणून मी गेले तीन आठवडे एमआयडीसीच्या आपल्या ओळींतून आणि चंदनझिऱ्यातल्या ओळखीच्या घरांतून हिंडले, आणि एकच प्रश्न विचारला: बाई, नव्या बॉक्सकडून तुम्हांला काय हवे? जे ऐकले ते आज आपल्यापुढे मांडते, आणि मधूनमधून माझे मतही सांगते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात आणून देते. आपल्या घरात टीव्हीपाशी जी जी वस्तू आली, ती आपल्याला विचारून आलेली नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली रंग आला. तोपर्यंत घरावर एक अँटेना, टीव्हीला एक बटण आणि पाहावयास एकच वाहिनी, एवढाच कारभार होता. पुढे नव्वदीच्या दशकात केबलवाल्याची तार गच्चीवरून गच्चीवर गेली. १९९९ साली अल्फा मराठी निघाली, तेव्हा मराठी मालिका रोज रात्री घरात आली. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्हीने छत्री आणली, २००६ मध्ये टाटा स्काय आले. २००९ साली आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या, आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो तिथल्या व्हिडिओकॉन समूहाची डीटूएच सेवा निघाली, आणि आपल्याकडच्या पुष्कळ जणांनी ती घरची म्हणून घेतली. २०१८ मध्ये तीही डिश टीव्हीत मिळून गेली. केबलवर बॉक्स सक्तीचा झाला तो सरकारी हुकमाने. आपल्यासारख्या गावांसाठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, ती पुढे लांबली. त्या वेळी दुकानात बॉक्ससाठी लागलेल्या रांगा पुष्कळ जणींस आठवतील. आणि २०१९ व २०२० या दोन वर्षांत एअरटेल, डिश टीव्ही आणि टाटा स्काय या तिन्ही कंपन्यांनी छत्री आणि इंटरनेट ही दोन्ही एकाच बॉक्समध्ये आणली. आपल्या दारात आलेला हा बॉक्स त्याच कुळातला आहे.

इतक्या वर्षांत प्रथमच आपल्याला आधी विचारले गेले आहे. तेही सौजन्याने नव्हे, संख्या जमवावयाची म्हणून. पण विचारले आहे खरे. तेव्हा उत्तर नीट द्यावे.

आता हा बॉक्स करतो तरी काय, ते थोडक्यात सांगते. छत्रीवर जे चित्र येते ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून येते. ते देवळातल्या नगाऱ्यासारखे आहे. नगारा एकदा वाजला की सगळ्या गावाला सारखाच ऐकू जातो, आणि ऐकणारे दहा असोत की दहा हजार, वाजविणाऱ्याचे श्रम तेवढेच. मात्र मोठा पाऊस आला की त्या लहरी पाण्यात अडतात आणि पडद्यावर चौकोन दिसू लागतात. इंटरनेटचे चित्र तसे नाही. ते टपालाच्या पाकिटासारखे आहे. प्रत्येक घराला निराळे पाकीट, त्या घराने मागितले तेव्हा, मागितले तेच. म्हणून कालचा भाग आज पाहता येतो. आणि म्हणूनच रात्री आठला सगळ्या ओळीने एकदम मागणी केली की, तार लहान असल्यास पाकिटे तुंबतात आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसते. चांगल्या प्रतीचे चित्र पाहिले तर तासाला ३ जीबीपर्यंत इंटरनेट खर्च होते. मोबाइलवर ज्यांना दिवसाला दीड जीबी मिळते त्यांनी हिशेब करावा. मालिकेचा एक भाग पाहून होतो न होतो तोच दिवसाचा शिधा संपला. म्हणजे या बॉक्सबरोबर घरात इंटरनेटची तार घेणे आलेच, आणि तिचे भाडे निराळे. कागदावर बॉक्सची किंमत ठळक अक्षरांत आहे, तारेची नाही.

तेव्हा पहिली मागणी, जी मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू आली: इंटरनेट बंद पडले तरी टीव्ही चालू राहिला पाहिजे. हे काही वेडेपण नव्हे. आपल्याकडे वीज किती वेळा जाते-येते ते आपण जाणतो. इन्व्हर्टरवर टीव्ही, बॉक्स आणि इंटरनेटचा राउटर अशी तीन यंत्रे टाकावी लागतील. त्यांतले एक जरी थंड पडले तरी बाकीची दोन मुकाट बसतात. ज्या बॉक्सला छत्री आणि इंटरनेट दोन्ही जोडता येतात, त्याला इंटरनेट नसतानाही छत्रीवरच्या वाहिन्या दाखविता येतात. ज्याला फक्त इंटरनेट आहे, त्याला येत नाहीत. आपल्या दारचा बॉक्स यांतला कोणता, हे मी कंपनीच्या माणसाला दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने मला वाहिन्यांची संख्या सांगितली.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभी राहिले आहे तिच्याकडे येते.

आमच्या ओळीत एक वयोवृद्ध भगिनी एकट्या राहतात. त्यांचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. मुलगा गुणी, आईचा फार लळा. दिवाळीत आला तेव्हा आईची करमणूक व्हावी म्हणून जुना बॉक्स काढून त्याने एक नव्या तऱ्हेचा बॉक्स लावून दिला. खाते त्याच्या नावावर, मोबाइल नंबर त्याचा, पैसे त्याच्या बँकेतून. सगळे आपलेपणानेच केलेले. तो परत गेला, आणि पंधरा दिवसांनी एके सकाळी टीव्हीने आजींना खात्यात पुन्हा प्रवेश करा म्हणून सांगितले. त्यासाठी सहा आकडी क्रमांक येतो तो गेला पुण्याला. मुलगा कारखान्यात, मोबाइल बाहेर कपाटात. आजींनी सकाळचे कीर्तन पाहिले नाही, दुपारच्या बातम्या पाहिल्या नाहीत. संध्याकाळी सहाला मुलाचा फोन आला आणि त्याने क्रमांक सांगितला, तर तोवर त्या क्रमांकाची मुदत संपलेली. मी त्यांच्याकडे गेले होते. त्या मला म्हणाल्या, “पूर्वी मी एकशे चौदा दाबलं की लागायचं. आता मला माझ्याच घरात परवानगी मागावी लागते.”

मैत्रिणींनो, ही तक्रार म्हातारपणाची आहे असे समजून आपण हसू नये. या बाईंनी नवऱ्यामागे चार मुले वाढविली. गॅसचा नंबर लावणे, बँकेत पेन्शन काढणे, लाइट बिल भरणे, सगळे त्या स्वतः करतात. जुन्या बॉक्सचे बारा-पंधरा आकडे त्यांस तोंडपाठ होते. एके दिवशी त्यांचे हे सगळे ज्ञान निकालात निघाले, आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारलेही नाही. बॉक्समध्ये पूर्वीपेक्षा शंभरपट कार्यक्रम आहेत हे खरे. पण त्यांच्या हाताला पूर्वी जे साधत होते ते साधेनासे झाले. मला वाटते, नवा बॉक्स चांगला की वाईट हे ठरविण्याचा खरा प्रश्न हाच धरावा: घरात जी बाई एकटी असते तिला तो कोणाच्या मदतीवाचून लावता येतो की नाही?

हे मनात धरून मी घरोघर विचारले, तेव्हा बायकांच्या मागण्या किती साध्या आहेत पाहा. बॉक्स सुरू केला की काल जी वाहिनी पाहत होतो तीच लागावी, चित्रांची भिंत आणि जाहिरातींचा बाजार समोर येऊ नये. रिमोटवर आकडे असावेत. काही नव्या रिमोटांवर आकडेच नसतात, बाण आणि एक गोल बटण, एवढेच. त्या बाणांनी पडद्यावरच्या पाटीवर एकेक अक्षर शोधून सांकेतिक शब्द लिहावयाचा म्हणजे तांदळातले खडे वेचण्यापैकी काम, आणि एक अक्षर चुकले की पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावरची सूचना मराठीत असावी. खात्याला दोन मोबाइल नंबर जोडता यावेत, एक मुलाचा आणि एक घरात राहणारीचा. बॉक्स स्वतःला सुधारून घेतो म्हणून मध्येच बंद पडतो, तर त्याने ती सुधारणा रात्री करावी, ऐन मालिकेच्या वेळी नव्हे. यांतली एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी नवे यंत्र शोधून काढावे लागेल.

बोलून चालणाऱ्या रिमोटचे कंपनीच्या माणसाने फार कौतुक केले. बटण दाबून नाव घ्यावे आणि कार्यक्रम लागावा. ज्यांना अक्षरओळख कमी आहे त्यांना हे वरदानच ठरेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याने जे प्रात्यक्षिक दाखविले ते शहरी हिंदीत, सावकाश, आणि सिनेमाचे इंग्रजी नाव घेऊन. आपल्या घरात बोलावयाचे ते असे: “बातम्या लाव बरं जराशा, अन् आवाज कमी कर.” हे त्याला कळते की नाही, ते आपल्याच तोंडाने पाहिले पाहिजे. शिवाय मागे मिक्सर चालू असतो.

आता आपल्या एमआयडीसीची म्हणून एक मागणी आहे. ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाही. आपल्या इथल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल रात्रंदिवस चालतात. भंगार वितळवून सळई करणारे आपले गाव. त्यामुळे चंदनझिऱ्यातल्या एका खोलीच्या घरात दिवसाच्या कोणत्याही वेळी कोणी ना कोणी रात्रपाळी करून झोपलेले असते. तिथल्या एका वहिनींनी मला सांगितले की त्या टीव्ही मुका ठेवून पाहतात. दोन वर्षे त्या मालिका ओठांच्या हालचालींवरून समजून घेत आहेत. त्यांना काय हवे? तर कानाला लावावयाचे यंत्र बॉक्सला बिनतारी जोडता यावे, आणि खाली मराठीत अक्षरे यावीत. बिनतारी जोडणीची सोय पुष्कळ नव्या बॉक्सांत असते. मग ती जाहिरातीत अगोदर का सांगत नाहीत? आठशे वाहिन्यांपेक्षा त्या वहिनींना हिचे मोल अधिक आहे.

आणि इथेच नव्या बॉक्सची खरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर मी जुन्याचीच आरती ओवाळते असे वाटेल. ज्या भगिनी दुसऱ्या पाळीला बियाण्यांच्या प्रतवारीवर किंवा पॅकिंगवर जातात, त्यांनी रात्री आठची मालिका वर्षानुवर्षे पाहिलेली नाही. त्यांची मालिका म्हणजे शेजारणीने दुसऱ्या दिवशी नळावर सांगितलेली गोष्ट. इंटरनेटच्या बॉक्समुळे त्यांना आपल्या वेळेस, सकाळी दहाला का होईना, ती पाहता येईल. मध्येच दूध उतू गेले तर थांबविता येईल. हे सुख लहान नाही. घरातल्या सगळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईला स्वतःच्या वेळेला काही पाहता येणे, ही मला तरी या बॉक्सची सर्वांत मोठी कमाई वाटते. तशीच भाषेची सोय. आपल्या ओळींत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगाल इथून आलेली कुटुंबे आहेत. एक ओडिया भगिनी हळदीकुंकवाला येतात त्या आपल्याशी हिंदी-मराठीची खिचडी करून बोलतात. त्यांना गावाकडच्या बातम्या स्वतःच्या भाषेत ऐकावयाच्या आहेत, आणि आपल्या केबलवर ती वाहिनी नाही. त्यांनी नव्या बॉक्सला डोळे झाकून होकार दिला. त्यांचा होकारही आपल्या उत्तरात आला पाहिजे.

पैशाकडे येते. हा भाग रुक्ष आहे, पण दोन-चार आकडे पदराला बांधून ठेवण्यासारखे आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्राय या नियामक संस्थेचे नवे दर लागू झाले, तेव्हा शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीचे भाडे महिना १३० रुपये, आणि १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे, अशी मर्यादा घातली होती. मार्च २०२० पासून तेवढ्यातच दोनशे वाहिन्या मिळू लागल्या. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली, आणि भाडे ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. तरीही वाहिन्यांच्या बाबतीत एक शिस्त आहे: प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते, आपल्याला सुटी वाहिनी मागता येते, आणि गठ्ठ्यात घालावयाच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. इंटरनेटवरच्या ॲपांना असे वाहिनीगणिक दराचे बंधन नाही. त्यांनी आज एक किंमत लावली आणि वर्षभराने दुसरी लावली, तर आपण फक्त घेणे बंद करू शकतो. “पहिले तीन महिने फुकट” हे शब्द आपल्याकडच्या पत्रकात चार ठिकाणी आहेत. चौथ्या महिन्यात काय, ते एकाही ठिकाणी नाही.

त्या चौथ्या महिन्याची एक युक्ती सांगते. फुकटाच्या वेळी बँकेचे कार्ड किंवा यूपीआय जोडून घेतात, आणि पुढे पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून अशी आपोआप कपात होण्यापूर्वी निदान २४ तास अगोदर तुम्हांला कळवावेच लागते, आणि ती नाकारण्याची सोय द्यावी लागते. तो संदेश ज्या मोबाइलवर येतो तो कोणाच्या हातात आहे, एवढे मात्र पाहा. पुण्याच्या कपाटात असेल तर नियमाचा उपयोग नाही.

ज्यांना दरमहा पैसे भरणे जड जाते त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. तिची छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचे भाडे नाही. २००४ च्या डिसेंबरपासून ही सोय आहे, आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने वेव्हज नावाचे ॲपही काढले आहे. हे तुम्हांला कोणत्याही कंपनीचा माणूस सांगणार नाही. त्याला दोष नाही, तो त्याचा माल विकावयास आलेला आहे. परंतु कोणी एखादी भगिनी फ्री डिशच बरी म्हणाली, तर तिच्या घरी तेवढीच ऐपत आहे असे कुजबुजू नये. आमच्या घरी स्वयंपाकघरात तीच आहे.

मुलांचा विषय प्रत्येक आईने काढला. इंटरनेटवर जे दाखवितात ते सगळेच मुलांपुढे उघडे पडेल, ही भीती खोटी नाही. २०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणे इंटरनेटवरच्या कार्यक्रमांना वयाप्रमाणे शिक्का मारावा लागतो: सात, तेरा, सोळा वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी. तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या कार्यक्रमांस कुलूप घालण्याची सोय देणेही बंधनकारक आहे. म्हणजे कुलूप आहे. अडचण एवढीच की बॉक्स लावावयाचे काम आपण घरातल्या सर्वांत हुशार माणसाकडे देतो, आणि तो माणूस बहुधा आठवीत शिकत असतो. कुलपाचा आकडा त्यानेच घातलेला असतो. तेव्हा हा आकडा आईने स्वतः घालावा, आणि मुलाच्या जन्मतारखेचा घालू नये.

बॉक्स कोणाच्या मालकीचा, हेही लेखी घ्यावे. कंपनी बदलली की जुन्या कंपनीचा बॉक्स नव्या कंपनीकडे चालत नाही, हे आपण सगळ्या जाणतो. माझ्या माळ्यावर असे तीन पडले आहेत. आपले गाव लोखंडाच्या भंगाराचे सोने करते, पण या बॉक्सांना भंगारवालाही नाक मुरडतो. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये सरकारला केली होती. तसे झाले असते तर आज आपण कंपनीपुढे ताठ मानेने बसलो असतो. ते झालेले नाही. म्हणून बॉक्स विकत की भाड्याने, सोडतेवेळी अनामत परत मिळणार की नाही, आणि बिघडल्यास किती दिवसांत दुरुस्त करणार, हे तीन प्रश्न आधी विचारावयाचे.

दुरुस्तीवरून आपला केबलवाला आठवतो. त्याच्याविषयी आपण आजवर काय काय बोललो ते मी इथे काढीत नाही. पण वादळात तार तुटली तेव्हा रात्री अकराला शिडी घेऊन तोच आला होता, आणि गौरी-गणपतीत पैसे थकले तरी त्याने कोणाची जोडणी तोडली नाही. आपण सगळ्या एकदम नव्या बॉक्सकडे वळलो तर त्याला उरलेल्या दहा-वीस घरांसाठी तार सांभाळणे परवडणार नाही. मग ज्यांना नवा बॉक्स नको आहे त्यांचीही केबल जाईल. म्हणजे आपला प्रत्येकीचा होकार तिच्या एकटीच्या घरापुरता राहत नाही. हे मला फार अवघड वाटते, आणि यावर माझ्याजवळ तयार उत्तर नाही. केबलवाल्याला मात्र मी विचारले. तो म्हणाला, इंटरनेटची तार मीही टाकून देऊ शकतो, कोणी सांगितलेच नाही. आपल्या उत्तरापूर्वी त्याचाही दर मागवावा, असे मी सुचविते. दुसरीकडे, कंपनीच्या तक्रार क्रमांकावर मराठीत बोलणारा माणूस मिळतो का, हे फोन लावून पाहावे. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही तक्रार घेतात. हा क्रमांक रिमोटच्या पाठीवर चिकटवून ठेवा.

आता मंडळापुढे माझी सूचना. कंपनीला आपण हो किंवा नाही असे काही न कळविता प्रथम एवढेच कळवावे की, एक बॉक्स आठ दिवसांसाठी मंडळाच्या या सभागृहात लावून द्या. लावून देणारा माणूस लावून निघून जाईल, शिकवावयास थांबणार नाही. तरुण मुलामुलींनी त्या आठ दिवसांत इकडे फिरकावयाचे नाही. पहिल्या दिवशी आमच्या ओळीतल्या त्या आजी रिमोट हातात घेतील. त्यांनी आनंदाने कबूल केले आहे, मात्र चहा मंडळाने द्यावा अशी त्यांची अट आहे. दुसऱ्या दिवशी चंदनझिऱ्याच्या वहिनी कानाला यंत्र लावून पाहतील. तिसऱ्या दिवशी ओडिया भगिनी. एका संध्याकाळी आपण मुद्दाम इंटरनेटची तार काढून ठेवू आणि पडद्यावर काय राहते ते पाहू. पाऊस आला तर उत्तमच. जे जे साधले आणि जे साधले नाही, ते चिटणीसबाई वहीत लिहून घेतील, आणि ती वही उत्तराबरोबर कंपनीला जाईल. घरमालकांच्या पुढच्या बैठकीतही ती वाचून दाखवावी. ती बैठक या वेळी दुपारी चारला ठेवावी अशी विनंती मंडळाच्या वतीने आजच करण्यात यावी, असे मी अध्यक्षीणबाईंना सुचविते.

ज्यांना आपला दिवस नोंदवावयाचा असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. पहिल्या पाळीच्या भगिनींसाठी संध्याकाळी पाचनंतरची वेळ राखून ठेवली आहे.